तवंग म्हणे

चौथा चमचा पोरीच्या तोंडात गेला आन् मग मला वास आला. आधी न्हाई आला. आधी आला असता तर हे सगळं सांगत बसायची येळच आली नसती.

दहा महिन्यांची व्हती ती तवा. नाचणीची पेज नुकती सुरू केली व्हती. सकाळी नळाला पाणी आलं की पहिलं तिचं पातेलं भरायचं, मग बाकीचे हंडे, असा मपला नेम. त्या दिवशी पातेल्यात पाण्यावर रंग दिसले, निळा, जांभळा, असे फिरत व्हते. मला वाटलं, रातच्या तुपाचं भांडं नीट निघालं न्हाई. आत्या, म्हंजे माझी सासू, मागनं म्हणलीच, "भांडी घासताना हात चालव जरा, नुसता कान फोनला." मी वरचं वरचं पाणी सांडून दिलं आन् राहिलेल्यात पेज शिजवली. सांडून दिलं की रंग गेले. मला वाटलं झालं.

चौथ्या चमच्याला पोरीनं तोंड वाकडं केलं. मी चमचा नाकाशी नेला. रस्ता करताना डांबर तापवत्यात ना, तो वास. पातेलं हुंगलं, हंडा हुंगला, नळाखाली हात धरून हात हुंगला. सगळ्याला तोच वास.

"आत्या, पाण्याला वास येतोय."

"लाइनीत काय तरी अडकलं आसंल. काय होत न्हाई."

हे "काय होत न्हाई" मी त्या एका दिवसात इतक्या तोंडातनं ऐकलं की आता कुणी म्हणलं तरी मला शिवी ऐकल्यासारखं होतं. आमच्या गावात माणूस झाडावरनं पडला तरी आधी काय होत न्हाई म्हणत्यात, मग उचलत्यात.

तेवढ्यात रस्त्यानं कुणीतरी वरडत गेलं, पुलावर रातीच टँकर पलटी झालाय, डिझेल सांडतंय, चला. आन् बघता बघता गल्ली रिकामी. कोण कॅन घेऊन, कोण बादली, कोण फवारणीचा ड्रम. लग्नाच्या पंगतीला एवढी घाई करत न्हाईत. मी पोरगी काखेला मारली, हातात चमचा तसाच, आन् त्यांच्या मागं पळाले. मला डिझेल नको व्हतं. मला फक्त बघायचं व्हतं, की माझ्या पोरीच्या पोटात काय गेलंय.

पूल आमच्या गावाच्या वरच्या अंगाला. घोड नदी तिथनं वळसा घेते, मग आमच्या पाणीपुरवठ्याची विहीर, मग बंधारा. धरणातनं पाणी सोडायचं आवर्तन बंद व्हतं, बंधाऱ्याला ढापे लावलेले, लाकडाच्या फळ्या वो, पाणी अडवायच्या. म्हंजे पाणी सगळं साचलेलं, हलंना का डुलंना. त्यात पुलाच्या कठड्यावरनं टँकर आडवा, आन् त्याच्या पोटातनं काळं काळं, काकवीसारखं, संथ, नदीत. डिझेल कुठलं ते! डिझेल कधी काळं असतंय का? पण माणसं भरतच व्हती. एक जण म्हणला, "जळंल की न्हाई ते मागनं बघू, आधी भर." दुसरा म्हणला, "बराखीच्या मेढींना लावू, वाळवी लागत न्हाई." बराखी म्हंजे आमची कांदे साठवायची चाळ. तिच्या बांबूंना वाळवी लागू नये म्हणून एवढी काळजी, आन् सगळं गाव जे पाणी पितंय त्याच्याकडं कुणाची मान वळंना.

टँकरचा ड्रायव्हर खाली दगडावर बसला व्हता, गुडघा फुटलेला, रगत सुकलेलं. त्याला कुणी पाणीसुद्धा इचारलं नव्हतं. मी त्याच्यापशी गेले. "भाऊ, काय हाय ह्यात?"

"फर्नेस ऑइल है, भाभी. बॉयलर का." मग त्यानं पोरीकडं बघितलं, चमच्याकडं बघितलं. "पीना मत."

सबंध दिवसात खरं बोललेला तो एकटा माणूस. तोही परगावचा.

मी पाणीवाल्याला शोधायला लागले. पाणीवाला म्हंजे ग्रामपंचायतीचा माणूस, सकाळी मोटार चालू करणारा. तो सापडला पुलाखाली, दोन कॅन घेऊन, ढोपरापर्यंत काळा.

"मोटार चालू हाय का वो?"

"हाय की. टाकी भरली की बंद करतो."

"आवो हे तेल टाकीत चाललंय! माझ्या पोरीला मी पेज दिली ह्याच पाण्याची!"

"वहिनी, विहिरीत पाणी येतं त्याचं तोंड खाली असतंय. तेल वर तरंगतंय. काय होत न्हाई."

"मग वास कसा आला?"

"ते भाऊंना इचारा. भाऊंनी सांगितल्याशिवाय मला मोटार बंद करता येत न्हाई. मागच्या टायमाला बंद केली तर माझ्यावर चिडले."

भाऊ म्हंजे सरपंचबाईंचे मालक. सरपंच बाई हायेत, कागदावर. बाई घरी भाकरी करतात, सही लागली की घराच्या दारात कागद येतो. बाकी सगळं भाऊ. भाऊ त्या येळी पुलाच्या मधोमध उभे, फोन लांब धरून स्वतःचा व्हिडिओ काढत व्हते. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये," असं चाललं व्हतं. मागं नागरिक कॅन भरत व्हते.

मी म्हणलं, "भाऊ, मोटार बंद करायला सांगा."

त्यांनी हातानं खूण केली, थांब. व्हिडिओ संपंस्तवर थांब. मी थांबले का? न्हाई थांबले. खरं सांगते, मी भित्री हाय. लग्न होऊन आले तवा मी कुत्र्याला भिऊन गोठ्यात जात नव्हते. ओतूरकडं माहेर माझं, आठवीतनं शाळा काढली, चार माणसांत बोलायचं म्हणलं तर तोंडाला कोरड पडते. पण पोरगी काखेत व्हती, तिच्या तोंडाला ती पेज वाळली व्हती, आन् मला ते पुसायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

मी मोटारीच्या खोलीकडं पळत सुटले. दाराला कुलूप न्हाई, तार गुंडाळलेली. तार काढली. आत अंधार, मोटारीचा घुंईऽऽ आवाज, आन् भिंतीवर स्टार्टर. हिरवं बटण, लाल बटण. आमच्याकडं शेतात बाईमाणूस स्टार्टरला हात लावत न्हाई, शॉक बसंल म्हणून लहानपणापासनं दटावलेलं. वाटलं, दाबलं आन् चिकटले तर? पोरगी काखेत हाय. मी पोरीला बाहेर दगडावर ठिवली, ती रडायला लागली. पदर अंगठ्याला गुंडाळला, डोळे मिटले, आन् लाल बटण दाबलं.

मोटार थांबली. बास. एवढंच व्हतं. एवढ्या मोठ्या गावाची पोटं, आन् एका लाल बटणाचं काम. त्यासाठी पाणीवाल्याला भाऊ पायजे व्हते आन् भाऊंना व्हिडिओ पायजे व्हता.

पोरीला घ्यायला बाहेर आले तर ती खोकली. एकदा. मग परत.

दवाखाना घोडेगावला, पुलापल्याड. पूल टँकरनं अडवलेला, इकडची गाडी इकडं, तिकडची तिकडं. मी घरी आले, आत्या म्हणल्या मिठाचं पाणी पाज, उलटी होऊन जाईल. नशीब, तेवढ्यात आमच्या गावच्या आशाताई, दवाखान्याच्या आशा वर्कर, आल्या. त्यांनी डॉक्टरला फोन लावला आन् तिथनंच वरडल्या, "उलटी काढायची न्हाई! अजिबात न्हाई! तेल छातीत जातं!" अंगावर पाज, दुसरं काही देऊ नको, श्वासाकडं बघ, धाप लागली न्हाईतर सुस्त पडली तर कसंही करून आण, न्हाईतर पूल मोकळा झाला की आण. झालं. तवापासनं माझं एकच काम. पोरीची छाती बघायची. वर, खाली. वर, खाली. फासळीत खड्डा पडतोय का. दूध पिताना थांबली की मी पण थांबायची.

मालकांना फोन केला. ते चाकणला कंपनीत. म्हणले, "शिफ्ट सुरू हाय. रडू नको, काय होत न्हाई." मी फोन ठिवला. पुढं दोन दिवस मी त्यांचा फोन उचलला न्हाई, त्याचा त्यांना अजून राग हाय. असू दे.

घरात बसवंना. घरात सगळीकडं तोच वास यायला लागला, खरा का मनाचा कुणास ठाऊक. मी नदीवर गेले, बाभळीला झोळी बांधली, पोरगी त्यात टाकली, आन् दोरी हातात धरून बसले. तिथं तोवर भाऊंचा पुढचा पराक्रम चालू झाला व्हता.

भाऊंच्या डोक्यात आलं, तेल हाय ना, मग धुवून काढू. दुकानदार शेठकडनं धुण्याच्या पावडरीची पोती मागवली. शेठची माणसं मूळची राजस्थानची, पण तीन पिढ्या इथं, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत्यात. शेठ पोत्यांबरोबर स्वतः आले आन् हात जोडून म्हणले, "भाऊ, हे नदीला चालतं की नाही ते मला माहीत नाही. मी फक्त विकतो." भाऊ म्हणले, "शेठ, कपड्याचं ऑइल निघतं का न्हाई? मग!" आन् पोती फोडली. पोरं पावडर उधळायला लागली जसा यात्रेत गुलाल. काठीनं ढवळलं. फेस आला. काळं तेल फुटलं, त्याचा चहासारखा रंग झाला आन् ते खाली गेलं. वरनं पाणी जरा बरं दिसायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मला शिक्षण न्हाई, पण भांडी मी रोज घासते. तेलकट पातेल्यात पावडर टाकली की तेल जात न्हाई. ते पाण्यात मिसळतं. म्हणून तर ते पाणी आपण फेकून देतो. मी उठले, झोळीची दोरी हातातच, आन् म्हणलं, "भाऊ, असं नका करू. वर हाय तवर ते काढता येईल. आता ते पाण्यात कालवलं. आमी भांड्याचं पाणी मोरीत टाकतो. हे पाणी कुठं टाकणार?"

भाऊ हसले. "वहिनी, भांडी तुमी बघा. नदी आमी बघतो." सगळे हसले. पाणीवाला सगळ्यात जास्त हसला. त्याचे दोन कॅन त्याच्या पायापाशी झाकण लावून उभे व्हते.

मी खाली बसले. तोंड गरम झालेलं. पोरीचं पोट बघितलं, वर, खाली.

पावडर संपली, तेल काही संपंना. टँकरमधनं अजून ठिबकत व्हतं. मग भाऊंना दुसरी अक्कल सुचली. "ढापे काढा बंधाऱ्याचे. सगळं पाणी जाऊ दे खाली. आपली नदी मोकळी." आन् ह्याला कुणी न्हाई म्हणलं न्हाई! आपली नदी म्हणे. जशी काय नदी आमच्या शिवेवर संपते आन् पुढं दुसरी सुरू होते. दोघं जण पहार घेऊन निघालेसुद्धा.

तवा माझी सासू उठली. ती माझ्या मागनं येऊन काठावर उभी व्हती, तोंडाला पदर. ती तरातरा गेली आन् बंधाऱ्यावर, ढाप्याच्या खाचेवरच, मांडी घालून बसली.

"काढ," म्हणली. "मला उचलून काढ."

"मावशे, उठ, काय करती?" भाऊ वरडले.

"खालच्या गावात मपली लेक दिलीय. तिच्या घरी दोन लेकरं हायेत. तुपल्या घरचा उकिरडा मपल्या लेकीच्या नळात सोडतो का रे, मुडद्या?"

भाऊंना गावात मुडद्या म्हणायची छाती फक्त म्हाताऱ्या बायांना असते. भाऊ म्हणले, "मावशे, मग काय करायचं ते तू सांग."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं अशा बघितल्या, की मला काही येतंय. "सांग गं. मघाशी काय म्हणत व्हतीस?"

मला काही ठरवलेलं नव्हतं. तोंडात आलं ते बोलले. "आत्या, मटणाच्या रश्श्यावर तर्री जास्त आली तर तुमी काय करता?"

"भाकरी फिरवते वरनं. शिळी."

"मग तसंच."

बाया हसल्या न्हाईत. बायांना कळलं. आमच्याकडं हे घराघरात करत्यात, म्हाताऱ्या माणसाला तिखट-तेल चालत न्हाई, तर त्याचा रस्सा वाढायच्या आधी कोरडी भाकरी वरनं फिरवायची. भाकरी तेल पिते, रस्सा खाली राहतो. एवढ्या मोठ्या नदीला भाकरी कुठनं आणायची? तर आमच्याकडं उसाचं पाचट काय कमी हाय! आन् कांद्याच्या गोण्या. वाळलेलं पाचट गोण्यांत ठासायचं, गोण्या एकीला एक सुतळीनं शिवायच्या, आन् ह्या काठापासनं त्या काठापर्यंत, विहिरीच्या वरच्या अंगाला, आडवी माळ सोडायची.

वीस-पंचवीस बाया असतील. आत्या बंधाऱ्यावरनं उठल्या न्हाईत, तिथनंच हुकूम सोडत व्हत्या. बाप्ये आधी काठावर उभं राहून बघत व्हते, बाया कशा चुकत्यात ते. मग माळ पाण्यात तरंगली, तेल तिला येऊन लागलं, गोण्या काळ्या व्हायला लागल्या, पलीकडचं पाणी तेवढं काळं होईना, तवा एकेक जण पँटी वर करून उतरला. वरनं सैल पाचट पसरायचं, ते पिलं की काढायचं, काठावर रचायचं, परत नवीन. पावडरीनं फुटलेलं, खाली गेलेलं तेल काय आमच्या हाताला लागलं न्हाई. ते गेलं ते गेलं. ते भाऊंचं.

ते तेल हाताला लागलं की सुटत न्हाई. साबणानं न्हाई, मातीनं न्हाई. मी पाच मिनिटं काम करायची आन् झोळीपशी यायची, पोरीला हात लावता येईना, काळे हात, नुसतं वाकून तिच्या तोंडाशी कान न्यायचा. श्वास ऐकायचा. मग परत पाण्यात. ती एकदा झोपेत हसली. मला तिथंच रडू फुटलं आन् डोळे पुसायला हातच नव्हते.

दुपार कलायला लागली तवा साहेब आले. जीपमधनं. कुठल्या खात्याचे ते मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. लोक म्हणत व्हते साहेब आले, आन् साहेब पण म्हणत व्हते मी साहेब. नदीपर्यंत आले न्हाईत, बुटांना लागंल म्हणून. वरनं बघितलं. भाऊंच्या माणसानं लाल खुर्ची टाकली, चहा आला, आन् साहेब पंचनामा लिहायला लागले. लिहून झालं तर म्हणले, महिलांनी काम केलंय, एखाद्या महिलेची सही घ्या, बरं दिसतं. भाऊंनी इकडं तिकडं बघितलं आन् मला बोलावलं. का, तर मला सही येते.

मी म्हणलं, वाचून करते. माझं वाचणं म्हंजे अक्षरावर बोट ठेवून. कागद हातात घेतला. 'नदीपात्रात किरकोळ स्वरूपाचा तवंग आढळून आला. सदर तवंग ग्रामपंचायतीमार्फत काढण्यात आला असून पाणीपुरवठा सायंकाळी पूर्ववत सुरू करण्यात येत आहे.'

सायंकाळी. म्हंजे आत्ता, दोन तासांनी. परत तेच पाणी नळाला.

"साहेब, तवंग म्हंजे काय वो?"

"तवंग म्हणजे… पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो ना ताई, तो."

"पातळ?"

"अहो, कागद! कागद बघा!"

मी बघितलं. माझी पाची बोटं कागदावर उमटली व्हती. काळीभोर. किरकोळ ह्या शब्दावर अंगठाच. मी मुद्दाम न्हाई केलं, देवाची शप्पत, मी घाबरले, कागद हातातनं पडायला लागला. पण साहेब असे वरडले, असे वरडले, सरकारी कागद हा, कळतं का, काय लावलंय. नदी काळी झाली तवा त्यांचा आवाज चढला न्हाई. कागदाला पाच बोटं लागली आन् चढला.

"सरकारी कामात अडथळा आणला म्हणून लिहीन मी," म्हणले. मला वाटलं आता नेतात. पोरगी झोळीत, मला जीपमधनं नेतात. आन् तरी माझं तोंड बोललं, मी न्हाई बोलले, तोंडच बोललं. "साहेब, तुमचा चहा कुठल्या पाण्याचा हाय?"

साहेबांनी कपाकडं बघितलं. भाऊंकडं बघितलं.

"जारचा हाय, साहेब, जारचा," भाऊ घाईघाईनं म्हणले. "बाहेरनं मागवला. तुमच्यासाठी खास."

मागं बाया हसायला लागल्या. आत्यांचा आवाज बंधाऱ्यावरनं आला, "मग लिहा की तसं! तवंग किरकोळ, चहा जारचा!"

साहेब उठले. जरा लांब जाऊन फोनवर बोलले. आले तवा नवीन कागद काढला आन् लिहिलं, पुढील आदेशापर्यंत मोटार बंद. माझ्यामुळं लिहिलं असं मी म्हणत न्हाई. वरनं कुणी तरी सांगितलं आसंल, तपासणी झाल्याशिवाय नको म्हणून. साहेबांना बायांचं ऐकून काही लिहायची सवय नव्हती. तवंग हा शब्द त्यांनी ठेवलाच. किरकोळ काढलं. मी सही केली. हात पुसून.

क्रेननं टँकर बाजूला घेतला तवा आशाताईंच्या भावाच्या गाडीवर बसून मी घोडेगावला गेले. डॉक्टरनं नळी लावून पोरीची छाती ऐकली, पाठ ऐकली, परत छाती ऐकली. मी त्याच्या तोंडाकडं बघत व्हते. "छाती साफ हाय," म्हणला. "पोटात गेलं ते थोडंच हाय, जाईल. दोन दिवस लक्ष ठेवा." मग माझे हात बघितले. "घरी जाऊन गोडं तेल चोळा, मग साबण. साबण आधी न्हाई." तेवढं ऐकून मला हसू आलं का रडू, आठवत न्हाई. डॉक्टरला वाटलं हिला वेड लागलं.

दोन दिवस मी पोरीचं शी-शू बघत, छाती बघत काढले. जागी असली तर बघ, झोपली तर बघ. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या नाकाला चावा घेतला, दात नुकता फुटला व्हता, आन् मला कळलं, आता बरी हाय.

मोटार दहा-बारा दिवस बंद राहिली. गावाला टँकरनं पाणी आलं, भाऊंनी त्या टँकरशेजारी उभं राहून फोटो काढले. पुढं एसटी स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला, भाऊ हात जोडून, आन् खाली लिहिलेलं, नदी वाचवणारा पाचट पॅटर्न. पाचट पॅटर्न! माझी सासू तो बोर्ड बघून थुंकली. तिला वाचता येत न्हाई, पण भाऊंचं तोंड ओळखता येतं. मीच तिला वाचून दाखवलं, तवा ती परत थुंकली.

तिलाही माझी माफी न्हाई हां. बराखी साफ करताना मागं एक कॅन सापडला. काळं तेल, गच्च भरलेला. त्या दिवशी सकाळी, मी पोरीला घेऊन मोटारीकडं पळत व्हते तवाच, आत्यांनी शेजारणीकडनं भरून आणलेला. "वाळवीला बरं असतंय," म्हणल्या, आन् मान वळवली. तो कॅन अजून तिथंच हाय. टाकणार कुठं?

आता पोरगी दोन वर्षांची हाय. मी त्या दिवसापासनं कुठलंही पाणी तिला द्यायच्या आधी हुंगते. घरचं, बाहेरचं, बाटलीचं, कुणाचंही. तिनं ते बघितलंय. आता तिला ग्लास दिला की ती आधी नाक खाली नेते, हुंगते, मग माझ्याकडं बघते, मग पिते. तिला वाटतं पाणी असंच प्यायचं असतं. पावणे हसत्यात. माझी नणंद, जिच्यासाठी आत्या बंधाऱ्यावर बसल्या, ती पण हसते. म्हणते, काय शिकवलंस गं पोरीला.

मागच्या महिन्यात भाऊ घरी आले, कसल्या तरी सह्या घ्यायला. पोरगी पाणी पाणी करत त्यांच्या मांडीपाशी गेली. भाऊंनी आपल्या बाटलीचं झाकण काढून तिच्या तोंडाशी धरलं. तिनं हुंगलं. थांबली.

"पी गं बाळा," भाऊ म्हणले. "काय होत न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी हातातलं पीठ तसंच ठिवून उठले, भाऊंच्या हातातनं बाटली घेतली, आन् त्यांच्या तोंडाकडं बघत, सावकाश, आधी मी हुंगली.